रोहिणीचं पाणी, चवदार तळं आणि दामोदरची वीज

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही आमच्या विषयाला सुरुवात करतो. समितीने आम्हाला "बाबासाहेब आणि कामगार" हा विषय दिला. या विषयावर आपण पुष्कळ ऐकलेलं आहे. म्हणून त्यातलाच एक कोपरा आज उघडावा असं आम्ही ठरवलं. तो कोपरा म्हणजे वीज.

चौदा एप्रिलला आपण विहारावर रोषणाई करतो. कमानीला माळा लावतो, बाबासाहेबांच्या फोटोभोवती दिवे फिरतात. पण ही वीज कुणाच्या मालकीची असावी, असा प्रश्न या देशाच्या सरकारात बसून बाबासाहेबांनी विचारला होता, हे आपल्या मुलांना किती जणांनी सांगितलं असेल? घटना माहीत आहे, महाड माहीत आहे, दीक्षाभूमी माहीत आहे. पण मजूरमंत्री असताना चार वर्षं त्यांनी काय केलं, हे विचारलं की आपण गप्प होतो. किंवा मग उलट टोकाला जातो. मोबाईलवर असे संदेश येतात की देशातली सगळी धरणं बाबासाहेबांनी एकट्यांनी बांधली. बंधूंनो, बाबासाहेबांना वाढवून सांगण्याची गरज नाही. जे खरं आहे तेच एवढं मोठं आहे की आपण ते नीट समजून घेतलं तरी पुरे.

आता खरं काय ते बघू. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले, आणि १९४६ पर्यंत त्या जागेवर होते. त्या वेळच्या मजूर खात्यात फक्त कामगारांचे प्रश्न नव्हते. सार्वजनिक बांधकाम, खाणी, पाटबंधारे आणि वीज हे सगळं त्याच खात्याखाली येत होतं. दुसरं महायुद्ध चालू होतं. युद्ध संपल्यावर देशाची उभारणी कशी करायची याचा विचार करायला सरकारने समित्या नेमल्या होत्या. त्यातली सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांची समिती बाबासाहेबांकडे होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत तिच्यापुढे त्यांनी भाषण केलं.

त्या भाषणात त्यांनी सरळ प्रश्न मांडले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी मालकीची? खासगी ठेवायची असेल तर लोकांचं हित सांभाळायला कोणत्या अटी घालायच्या? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? आणि या सगळ्याच्या वर एक प्रश्न, की आपल्याला वीज हवी तरी कशासाठी? त्यांचं म्हणणं असं होतं की स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योगधंदे वाढणार नाहीत, आणि उद्योगधंदे वाढले नाहीत तर या देशातला गरीब माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही. म्हणजे वीज हा त्यांच्या दृष्टीने तारांचा आणि खांबांचा प्रश्न नव्हता. माणसाच्या सुटकेचा प्रश्न होता.

आम्ही गिरणीतली माणसं, हा मालकीचा प्रश्न आम्हाला चटकन कळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोपर्यंत सूर्य मावळला की काम थांबत असे. दिवे आले आणि मालकांनी दिवस लांबवला. कामगार चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास उभा राहू लागला. दिव्याने कामगाराच्या आयुष्यात उजेड आणायचा, तर त्याने त्याची रात्र खाल्ली. पुढे १९१५ पासून टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज येऊ लागली आणि गिरण्या विजेवर चालू लागल्या. त्यानंतरच्या मुळशीच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह झाला. तरी धरण झालंच. जमीन गेली शेतकऱ्याची, घाम गेला कामगाराचा, आणि नफा कुठे गेला ते वेगळं सांगायला नको.

आणि हेच बघा, आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती १९४६ साली झाली, तिचं विधेयक बाबासाहेबांच्याच खात्याचं. दिवा तोच, यंत्र तेच. मालकाच्या हातात असताना दिवस वाढला, कायद्याने हात घातल्यावर दिवस कमी झाला. म्हणून विजेचं बटण कुणाच्या हातात आहे हे बघावं लागतं.

आता थोडं परदेशात जाऊ, कारण बाबासाहेबांच्या या कामाचा एक धागा तिकडे जातो. अमेरिकेत जॉर्ज नॉरिस नावाचे एक सिनेटर होते. नेब्रास्का राज्याचे, गरीब शेतकऱ्याच्या घरात वाढलेले. १९०३ पासून १९४३ पर्यंत, चाळीस वर्षं ते तिथल्या संसदेत होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने टेनेसी नदीवर सरकारी पैशाने एक मोठं धरण बांधायला घेतलं. युद्ध संपल्यावर हेन्री फोर्ड, मोटारवाले फोर्ड, ते सगळं अगदी कमी किमतीत मागू लागले. नॉरिस आडवे उभे राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं. नदी लोकांची, पैसा लोकांचा, मग वीज एका माणसाची कशी? ते धरण त्यांच्या स्वतःच्या राज्यात नव्हतं. त्यातून त्यांना एक मत जास्त मिळणार नव्हतं. त्यांचं विधेयक कूलिज या अध्यक्षांनी अडवलं, मग १९३१ साली हूव्हर या अध्यक्षांनी अडवलं. ते पुन्हा पुन्हा आणत राहिले. अखेर १८ मे १९३३ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कायद्यावर सही केली आणि टेनेसी खोरे प्राधिकरण निर्माण झालं. पूर रोखणं, नदीतून जलवाहतूक आणि वीज, ही सगळी कामं एकाच सार्वजनिक संस्थेकडे आली. खासगी कंपन्यांना ज्या खेड्यांत तार नेणं परवडत नव्हतं, त्या खेड्यांत वीज गेली. नॉरिस यांचं नेब्रास्का तर आज अमेरिकेतलं असं एकमेव राज्य आहे, जिथली सगळी घरगुती वीज सार्वजनिक आणि सहकारी संस्थाच पुरवतात.

हे नॉरिस १९४२ च्या निवडणुकीत हरले. ज्या वर्षी ते पडले, त्याच वर्षी इकडे बाबासाहेबांच्या हातात वीज खातं आलं. हा योगायोग. पण पुढचं योगायोगाचं नाही.

जुलै १९४३ मध्ये बंगालमध्ये दामोदर नदीला महापूर आला. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटला, ऐन युद्धात कलकत्त्याचा देशाशी संबंध तुटला. चौकशी समिती नेमली गेली. तिच्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. टेनेसीसारखी संस्था दामोदरला हवी, असं समितीने सुचवलं. बाबासाहेबांच्या खात्याने हे काम उचललं. ३ जानेवारी १९४५ आणि २३ ऑगस्ट १९४५ अशा दोन परिषदा कलकत्त्याला झाल्या, त्यात बाबासाहेब स्वतः बोलले. विजेचा तांत्रिक विचार करायला १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं होतं, नद्यांसाठी १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. टेनेसीचे एक अनुभवी अभियंता, वूर्डविन, यांना बोलावून दामोदरचा आराखडा करून घेतला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना बाबासाहेबांनी सांगितलं की जास्त पाणी हे संकट मानू नका, पाणी ही संपत्ती आहे, ती समुद्रात वाहून घालवण्यापेक्षा साठवा आणि वापरा. ज्या माणसाच्या समाजाला घोटभर पाण्यासाठी तळ्यावर मार खावा लागला, त्या माणसाचं हे वाक्य आहे, हे आपण विसरू नये.

दामोदर नदी तेव्हाच्या बिहारातून येते आणि बंगालमध्ये जाते. पूर यायचा बंगालात आणि धरणं बांधायची बिहारात. मग जमीन कुणाची जाणार, खर्च कुणी करायचा, फायदा कुणाला? इथे आम्हाला रोहिणी नदी आठवते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण सांगितलं आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून भांडण झालं. शाक्यांच्या संघाने युद्ध ठरवलं. सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसं निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा, असं त्याने सुचवलं. संघाने ते ऐकलं नाही. दामोदरच्या बाबतीत मात्र केंद्र, बंगाल आणि बिहार यांना एका संस्थेत बसवण्याचा मार्ग निघाला. ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आलं. तोपर्यंत बाबासाहेब त्या खात्यात नव्हते, ते घटनेच्या कामात बुडालेले होते. पण पायाचे दगड कुणाच्या काळात बसले ते कागदावर आहे.

त्याच वर्षी, काकासाहेब गाडगीळ वीज खात्याचे मंत्री असताना, विद्युत पुरवठा कायदा झाला आणि त्यातून राज्याराज्यांत सरकारी विद्युत मंडळं निघाली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी सुरू झालं. मुंबई शहराने त्याच्याही आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, वीज आणि ट्राम चालवणारी खासगी कंपनी महापालिकेच्या ताब्यात घेतली. तीच आपली बेस्ट. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात फक्त १,३६२ मेगावॅट वीज होती आणि वीज पोचलेली खेडी दीड हजाराच्या आसपास. खासगी कंपन्यांनी शहरं उजळली होती, कारण शहरात गिऱ्हाईक होतं. खेड्यात तार सरकारी मंडळाने नेली.

बाबासाहेबांचं स्वतःचं उत्तर काय होतं? १९३६ सालच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यातच, लोकांच्या हितासाठी गरज पडेल तिथे उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, हे तत्त्व होतं. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी ते काळ्यावर पांढरं केलं. मोक्याचे उद्योग सरकारने मालकीत घेऊन चालवावेत, आणि हे घटनेतच लिहावं, म्हणजे पुढचं एखादं बहुमत येऊन ते पुसणार नाही. घटनेत ते आलं नाही. १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी जी कारणं सांगितली, त्यात नियोजनाचं काम आपल्याला दिलं नाही, हेही एक होतं. पुढे १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात ते निवडणूक हरले. नॉरिस हरले, बाबासाहेबही हरले. राजकारणी माणसाची किंमत फक्त मतपेटीवर करायची ठरवली तर दोघांचाही शेवट पराभवाचा म्हणावा लागेल. पण धरणं निवडणूक हरत नाहीत. तारेतून वीज वाहते तेव्हा ती कुणाला मतं पडली ते विचारत नाही.

आता, बंधू-भगिनींनो, आमच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा. नीट ऐका.

"सार्वजनिक" हा शब्द उच्चारला की काम झालं, असं पुष्कळ पुरोगामी मंडळींना वाटतं. आपल्याला तसं वाटून चालणार नाही. महाडचं चवदार तळं कुणाच्या मालकीचं होतं? सावकाराचं नव्हतं, देवळाचं नव्हतं. सार्वजनिक होतं. १९२३ साली बोले ठराव झाला होता आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने ते तळं सर्वांना खुलं असल्याचा ठरावही केला होता. कागदावर तळं आपलंच होतं. तरी २० मार्च १९२७ ला आपले पूर्वज ओंजळभर पाणी प्यायले तर त्यांची डोकी फुटली, आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. मालकी सार्वजनिक होती, पण त्या "सर्वजनां"त आपण मोजलेच जात नव्हतो. गिरणीतही तेच. युनियन एक, लाल बावटा एक, पण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणाई खात्यात आपल्या माणसाला प्रवेश नव्हता.

नॉरिस यांचंच उदाहरण घ्या. टेनेसीत धरण बांधताना त्यांच्या नावाचं एक नवं गाव वसवलं. विजेची घरं, चांगले रस्ते, शाळा. त्या गावात काळ्या माणसाला राहायला घर मिळालं नाही. लोकांच्या मालकीची वीज, पण तिथे लोक म्हणजे गोरे लोक.

आणि आपल्या दामोदरवर? ६ डिसेंबर १९५९ रोजी पंचेत धरणाचं उद्घाटन झालं. तारीख लक्षात घ्या, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला त्या दिवशी तीन वर्षं झाली होती. पंडित नेहरूंनी बटण दाबायला बुधनी या संथाळ मजूर मुलीला पुढे केलं. पंधरा वर्षांची पोर, तिने बटण दाबलं. केवढी सुंदर गोष्ट! पण तिने स्वागताला नेहरूंना हार घातला होता, म्हणून तिच्या जमातीने तुझं लग्न झालं असं म्हणून तिला वाळीत टाकलं. १९६२ साली तिची महामंडळातली नोकरीही गेली. ती परत मिळायला वीस वर्षांहून जास्त काळ जावा लागला. २०२३ साली ती वारली. त्या धरणांखाली हजारो कुटुंबांच्या, त्यात कितीतरी आदिवासींच्या, जमिनी गेल्या. बटण तिच्या हातात दिलं, पण कारभार तिच्या हातात कधी दिला नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, सार्वजनिक मालकी ही अर्धी लढाई आहे. उरलेली अर्धी म्हणजे त्या मालकांच्या यादीत आपलं नाव आहे की नाही. बाबासाहेब या दोन्ही लढाया लढले. महाडला तळं सार्वजनिक होतं, तिथे त्यांनी शिरकाव मागितला. दिल्लीत वीज कंपन्यांची होती, तिथे त्यांनी मालकीचा प्रश्न विचारला. एक लढाई सोडून दुसरी जिंकता येत नाही.

आपल्याला याचा अनुभव आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या गावी खांब आधी गावठाणात उभे राहिले आणि बौद्धवाड्यापर्यंत तार यायला वर्षं गेली. मंडळ सरकारी होतं, तरी असं झालं. २०२१ साली चौदा एप्रिलला सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना प्राधान्याने जोडणी देण्यासाठी बाबासाहेबांच्या नावाने जीवन प्रकाश योजना काढली. ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत. योजना चांगली. पण १९४३ साली विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या उंबऱ्यापर्यंत यायला इतका काळ लागावा, हे मनाला लागतंच.

मग सरकारी मंडळात दोष होते म्हणून ते मोडून टाकायचं का? नव्वदच्या दशकात तसंच सांगण्यात आलं. १९९३ साली एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी वीज खरेदीचा करार झाला. १९९९ पासून वीज आली, पण इतकी महाग की २००१ साली मंडळाला ती घेणं थांबवावं लागलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं निघालं. २००३ साली नवा वीज कायदा आला आणि १९४८ चा कायदा गेला. जून २००५ मध्ये आपल्या मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या झाल्या. पुढे अदानी समूहाच्या कंपनीने भांडुप, ठाणे, नवी मुंबई भागात वीज वितरणाचा समांतर परवाना मागितला, तेव्हा ४ जानेवारी २०२३ रोजी तिन्ही कंपन्यांचे कामगार-अभियंते संपावर गेले. सरकारशी बोलणी होऊन संप त्याच दिवशी मागे घेतला गेला. पण प्रश्न मिटलेला नाही. जिथे बिलं मोठी तो भाग खासगीकडे आणि जिथे गरीब वस्ती, शेती तो भाग सरकारकडे, असं झालं तर गरिबाची वीज स्वस्त ठेवायला पैसा येणार कुठून? आणि सरकारी नोकरी गेली की राखीव जागाही गेल्या. आपल्या किती मुलांनी आयटीआय करून वायरमन, ऑपरेटर म्हणून या मंडळात घर उभं केलं, ते या मंडपातच बसलेले आहेत.

म्हणून विहार समितीला आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, विजेच्या दराचा प्रस्ताव येतो तेव्हा वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांच्या हरकती मागवल्या जातात आणि राज्य वीज नियामक आयोग सुनावणी घेतो. तिथे कारखानदारांचे वकील जातात. आपल्या वस्तीतर्फे एक तरी अर्ज जावा. दुसरी, वाढीव बिल आलं की नेत्याच्या दारात जाण्याआधी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे लेखी तक्रार करावी, ती कशी लिहायची हे शिकलेल्या मुलांनी विहारात बसून आयाबहिणींना शिकवावं. तिसरी, बाबासाहेबांची १९४३ आणि १९४५ ची वीज आणि पाण्यावरची भाषणं त्यांच्या समग्र लेखनात छापलेली आहेत. वर्षावासात ग्रंथवाचन होतं, त्यातले दोन दिवस या भाषणांना द्यावेत.

सिद्धार्थाने रोहिणीच्या पाण्यासाठी सभेत उभं राहून तोंड उघडलं. बाबासाहेबांनी महाडला ओंजळ भरली आणि दिल्लीत प्रश्न विचारला. आपल्याला निदान एक अर्ज लिहिता यावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!